आजोबांच्या पलीकडचे लिंकन

मार्च १८४८. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसचे अधिवेशन चालू होते आणि इलिनॉयमधून पहिल्यांदाच निवडून आलेले एक उंचेले वकील एका अनोळखी गृहस्थाच्या चौकशीला उत्तर लिहीत होते. चौकशी करणारे सॉलोमन लिंकन मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावचे. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या गावाचा इतिहास छापला होता. त्या गावात लिंकन आडनावाची माणसे पावलोपावली. तेव्हा पश्चिमेकडून आलेला हा अब्राहम लिंकन आपल्यातलाच तर नव्हे, अशी शंका त्यांना आली आणि आर्टेमस हेल नावाच्या खासदाराकडे त्यांनी चिठ्ठी धाडली. हेलनी ती अब्राहम लिंकन यांच्या हातात दिली.

६ मार्चला लिहिलेले उत्तर छोटे आणि प्रांजळ आहे. आपला जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, केंटकीतल्या हार्डिन काउंटीतला. वडील थॉमस. आजोबा अब्राहम, त्यांचेच नाव आपल्याला ठेवले. आजोबा १७८२ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले आणि दोन वर्षांनी मूलनिवाशांच्या हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून आलेले, क्वेकर पंथाचे, असे घरात मोघम बोलले जाई. त्याच्या मागचे काहीच कधी कानावर आले नाही. वडील सहाव्या वर्षी पोरके झाले, नव्या मुलखात, गरिबीत वाढले, शिक्षण असे झालेच नाही. घराण्याविषयी आपल्याला इतके थोडे माहीत असण्याचे कारण बहुधा हेच असावे.

पणजोबांचे नाव या पत्रात नाही, कारण ते लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हते. जमिनीच्या वादांत मालकीहक्काची साखळी कडी-कडीने उलगडून दाखवणारा हा वकील स्वतःच्या कुळाची चौथी कडी सांगू शकत नव्हता. यात लाजण्यासारखे मात्र काही नव्हते. केंटकी, इंडियाना, इलिनॉय या पट्ट्यातल्या बहुतेक कुटुंबांची हीच गत होती. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेले की तीर्थोपाध्याय वही उघडतो आणि पणजोबांची सही समोर येते. अमेरिकेच्या सरहद्दीवर अशी वही कोणी राखली नव्हती. तिथे माणूस कागदावर यायचा तो जमीन घेतली, विकली, कर भरला, मृत्युपत्र केले, लग्न लावले किंवा कोर्टात उभा राहिला तरच. लिंकन घराण्याचा शोध पुढे ज्यांनी घेतला ते सगळे याच पाच-सहा प्रकारच्या कागदांमागे धावले. कागद पुरुषांच्या हातात असल्यामुळे वडिलांच्या बाजूने ते इंग्लंडपर्यंत पोचले आणि आईच्या बाजूने पहिल्याच पायरीवर अडखळले.

आजोबांच्या मृत्यूची गोष्ट लिंकन लहानपणापासून ऐकत आले होते. १८५४ मध्ये एका नातलगाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले आहे की, ऐकलेल्या सगळ्या कथांत हीच मनावर सर्वांत खोल कोरली गेली. कॅप्टन अब्राहम लिंकन आजच्या लुईव्हिलजवळ लाँग रन ओढ्याकाठी शेतात काम करत होता. बरोबर मॉर्डेकाय, जोसाया आणि थॉमस हे तिघे मुलगे होते. झाडीतून गोळी आली आणि बाप जागीच कोसळला. जोसाया मदत आणायला जवळच्या गढीकडे पळाला. थोरला मॉर्डेकाय खोपट्यात शिरला, भिंतीवरची बंदूक काढली आणि फटीतून पाहतो तो हल्लेखोर धाकट्या थॉमसच्या अंगावर वाकलेला. त्याच्या छातीवर चंद्रकोरीच्या आकाराचे चांदीचे पदक होते, त्यावर नेम धरून मॉर्डेकायने गोळी झाडली, असे या कथेचे काही पाठ सांगतात. वाचलेला तो धाकटा थॉमस म्हणजे लिंकन यांचे वडील.

कथा खरी, तपशील घसरलेले. घटना १७८४ मधली नव्हे, मे १७८६ मधली. थॉमस तेव्हा सहाचा नव्हे, आठ वर्षांचा होता. आणि गरिबीचे खरे कारण या कथेत येतच नाही. कॅप्टन अब्राहम मुळीच गरीब नव्हता. केंटकीत त्याच्या नावावर पाच हजारांहून अधिक एकर जमीन नोंदलेली होती. केंटकी त्या वेळी व्हर्जिनियाचाच भाग होता आणि तिथे मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याचा जुना इंग्रजी कायदा चालू होता. व्हर्जिनियाने १७८५ मध्ये तो रद्द केला, पण नवा कायदा लागू व्हायचा होता १ जानेवारी १७८७ पासून. बाप आठ महिने आधी मेला. जमीन मॉर्डेकायकडे गेली आणि थॉमस दुसऱ्यांच्या शेतांवर राबत, सुतारकी शिकत मोठा झाला. मॉर्डकाका घराण्यातली सगळी हुशारी घेऊन गेले, असे लिंकन गमतीने म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. हुशारीचे माहीत नाही. जमीन मात्र नक्की घेऊन गेले.

हिंगमच्या चौकशीने लिंकन यांचे कुतूहल चाळवले होते. व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर जेम्स मॅकडॉवेल त्यांच्याच सभागृहात होते. रॉकिंगहॅममधल्या एका डेव्हिड लिंकनला आपण ओळखतो, असे ते बोलता बोलता म्हणाले. लिंकननी त्याच महिन्यात त्या डेव्हिडला पत्र टाकले. उत्तर लगेच आले. २ एप्रिलच्या पत्रात लिंकन आनंदाने कळवतात की, तुमचे अब्राहम काका आणि माझे आजोबा एकच, यात आता शंका उरली नाही. डेव्हिड हा आजोबांच्या भावाचा, जेकबचा मुलगा. म्हणजे थॉमसचा सख्खा चुलतभाऊ. तो १८०१-०२ मध्ये केंटकीत जाऊन या मंडळींना भेटूनही आला होता. त्यानंतर दोन घरे चाळीसहून अधिक वर्षे एकमेकांपासून तुटलेली, आणि मध्ये अंतर फक्त एका डोंगररांगेचे. व्हर्जिनियातल्या लिंकनांची शेतीवाडी चांगली होती. त्यांच्या पदरी गुलामही होते. केंटकीतल्या मॉर्डेकाय काकाकडेही होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एक मजेदार भेट घडली. व्हिग पक्षाच्या प्रचारासाठी लिंकन मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला गेले असता तिथले माजी गव्हर्नर लेव्हाय लिंकन यांच्याकडे त्यांना जेवायला बोलावले होते. यजमान खानदानी, त्यांचे वडील जेफरसनच्या मंत्रिमंडळात अॅटर्नी जनरल होते आणि भाऊ मेन राज्याचा गव्हर्नर. पाहुणा लाकडी खोपट्यात जन्मलेला. आडनावावरून टेबलावर थोडी थट्टामस्करी झाली. दोघेही एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत, हे मात्र त्या टेबलावर बसलेल्या कोणालाच माहीत नव्हते. सहा महिन्यांपूर्वी हिंगमला लिहिताना खुद्द लिंकननी कळवले होते की, लेव्हाय हे नाव आमच्या घरात एकदाही आलेले नाही. अब्राहम आणि मॉर्डेकाय मात्र वरचेवर येतात. नावांच्या या पुनरावृत्तीत धागा होता, पण तो ओढून पाहायला १८८० चे दशक उजाडावे लागले.

तोवर न्यू इंग्लंडात वंशावळींचे वेड चांगलेच पसरले होते. बोस्टनमध्ये १८४५ मध्येच वंशशास्त्राची एक संस्था निघाली होती, अमेरिकेतली या प्रकारची पहिली. १८४७ पासून तिचे त्रैमासिकही निघू लागले. हे वेड निव्वळ जिज्ञासेतून आले असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. आयर्लंड-जर्मनीहून बोटी भरभरून माणसे उतरत होती, तेव्हा आपण ‘आधीचे’ हे दाखवण्याची हौस जुन्या घराण्यांना होती. पण त्या हौसेतून चर्चची दप्तरे उतरवून घेतली गेली, थडग्यांवरची अक्षरे वाचली गेली, काउंटीच्या कचेऱ्यांतले खरेदीखतांचे बाड चाळले गेले. त्याच त्रैमासिकात १८८७ मध्ये सॅम्युअल शॅकफर्ड यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची वंशावळ मांडली.

साखळी जुळली ती जमिनीमुळे. रॉकिंगहॅममधला पणजोबा जॉन लिंकन १७६८ मध्ये पेनसिल्व्हेनियाहून लिनव्हिल क्रीकवर येऊन राहिला, हे तिथल्या दस्तांत होते. पण पेनसिल्व्हेनियातला हा जॉन कोणाचा कोण? त्याने १७४८ मध्ये न्यू जर्सीतली तीनशे एकर जमीन विकली होती आणि त्या खतात स्वतःची ओळख ‘मॉर्डेकाय लिंकनचा मुलगा व वारस’ अशी करून दिली होती. जमीन विकायची तर ती आपल्याकडे कशी आली हे सांगावे लागते, आणि त्या एका कायदेशीर वाक्याने दोन राज्ये आणि दोन पिढ्या जोडल्या गेल्या. मॉर्डेकाय हा लोखंडाच्या धंद्यातला माणूस. मॅसॅच्युसेट्समधून न्यू जर्सीत आला, तिथे हॅना सॉल्टर या सधन घरच्या मुलीशी लग्न केले आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या आजच्या बर्क्स काउंटीत जाऊन राहिला. तिथले त्याचे १७३३ चे दगडी घर अजून उभे आहे. शेजार होता बून कुटुंबाचा. पुढे केंटकीची वाट पाडणारा डॅनियल बून याच परिसरात १७३४ मध्ये जन्मला. मॉर्डेकायच्या धाकट्या मुलाने बूनांच्याच एका मुलीशी लग्न केले. बून क्वेकर. पंथाबाहेर लग्न केले म्हणून त्या मुलीला क्वेकर सभेने समज दिली. लिंकन यांच्या घरात फिरणाऱ्या त्या मोघम ‘क्वेकर’ कथेला एवढा तरी आधार होता.

या मॉर्डेकायचा बापही मॉर्डेकायच, धंद्याने लोहार, आणि त्याचा बाप सॅम्युअल. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेला पहिला. इथे आपण हिंगमला पोचतो, म्हणजे सॉलोमन लिंकन जिथून चौकशी करत होते त्याच गावात.

सतराव्या शतकातले हे हिंगम वंशावळ शोधणाऱ्याची परीक्षा पाहणारे गाव आहे. इंग्लंडातल्या नॉरफोकमधल्या हिंगममधून उठून आलेल्या लोकांनी ते वसवले आणि नावही तेच ठेवले. आलेल्यांत लिंकन इतके की, एकाच वेळी गावात चार थॉमस लिंकन नांदत होते. दप्तर लिहिणाऱ्याने शेवटी धंद्यावरून त्यांची विभागणी केली. विणकर थॉमस, गिरणीवाला थॉमस, पिंपे करणारा थॉमस आणि शेतकरी थॉमस. राष्ट्राध्यक्षांचा सॅम्युअल हा विणकर थॉमसचा भाऊ. जमिनीच्या नोंदीत धंदा लिहायचा राहिला असता, तर शॅकफर्डच काय, कोणीही चुकीच्या थॉमसच्या मागे गेला असता.

सॅम्युअल कधी आला तेही कागदावर आहे. १६३७ च्या वसंतात यारमथ बंदरातून निघालेल्यांच्या यादीत नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉझ, त्याची बायको, मुलगी आणि दोन नोकर आहेत. त्यातला एक सॅम्युअल. लिहिणाऱ्याने आडनाव ‘लिंकॉर्न’ असे काहीतरी करून ठेवले आहे आणि वय घातले आहे १८. पण नॉरफोकच्या हिंगम चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडते ती २४ ऑगस्ट १६२२ ची. म्हणजे पोरगा पंधराचाही नव्हता. निघताना वय वाढवून सांगितले, की बाप्तिस्माच उशिरा झाला, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. दोन्ही शक्य आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बऱ्यापैकी घरचा मुलगा विणकराकडे उमेदवारीला लागून समुद्रापार का गेला. उत्तर १९०९ मध्ये जेम्स हेन्री ली आणि जे. आर. हचिन्सन या दोघांनी इंग्लंडातली मृत्युपत्रे आणि कोर्टातले दावे धुंडाळून दिले. सॅम्युअलचा आजोबा रिचर्ड लिंकन स्वॉन्टन मॉर्ली गावचा सुखवस्तू शेतकरी. १६१० च्या सुमारास त्याने तिथे बांधलेल्या घरात पुढे ‘एंजल’ नावाचे पब निघाले. रिचर्डने चार लग्ने केली. शेवटच्या बायकोच्या मुलांसाठी त्याने थोरल्या मुलाला, एडवर्डला, इस्टेटीतून बाजूला सारले. एडवर्ड कोर्टात गेला, पण पदरात फारसे पडले नाही आणि त्याच्या मुलांना हातमाग धरावा लागला. इंग्लंडात थोरल्याचा हिस्सा गेला म्हणून घराणे अमेरिकेत आले आणि दीडशे वर्षांनी केंटकीत सगळा हिस्सा थोरल्याला गेला म्हणून धाकटा थॉमस निष्कांचन झाला. त्या विणकर-लोहारांच्या पिढ्यांकडे पाहून लिंकन यांना ‘चिखलातून उगवलेले कमळ’ ठरवणाऱ्या चरित्रकारांनी ही दोन वारसाहक्काची प्रकरणे वाचायला हवी होती. गरिबी घराण्याच्या रक्तात नव्हती.

थॉमसबद्दलही असेच झाले. लिंकन यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्न्डन यांनी त्याला आळशी, कर्तृत्वशून्य रंगवले आणि ते चित्र पक्के बसले. १९२० च्या दशकात लुई वॉरन यांनी केंटकीतल्या कचेऱ्यांमध्ये कर-याद्या उलगडल्या, तेव्हा वेगळाच माणूस समोर आला. वेळेवर कर भरणारा, घोडे बाळगणारा, ज्युरीत बसणारा. १८०३ मध्ये, पंचविशीत, त्याने ११८ पौंडांना २३८ एकर शेत घेतले होते. त्याचा घात केला केंटकीतल्या जमीन मोजणीने. तिथे सरकारी मोजणी झालेलीच नव्हती. ज्याने त्याने झाडे, ओढे, दगड खुणा धरून हद्दी लिहून घेतल्या होत्या. एकाच तुकड्यावर तीन-तीन मालक निघत. थॉमस एकामागून एक शेते गमावत गेला आणि १८१६ च्या अखेरीस, जिथे सरकारने चौकोन पाडून जमीन मोजली होती त्या इंडियानात निघून गेला. गुलामगिरी हेही एक कारण होते, पण मुख्य कारण जमिनीचे दावे, असे लिंकननी स्वतः लिहून ठेवले आहे.

आता आईकडे वळू. इथे कर-यादी नाही, खरेदीखत नाही.

नॅन्सी हँक्सचा जन्म १७८४ च्या सुमारास व्हर्जिनियात झाला आणि ५ ऑक्टोबर १८१८ रोजी, विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या दुधातून होणाऱ्या आजाराने ती इंडियानात गेली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तिचे आईवडील कोण, हे लिंकन यांच्या हयातीत कधीच छापले गेले नाही. १८६० मध्ये निवडणुकीसाठी त्यांचे चरित्र लिहिणारे पत्रकार जॉन लॉक स्क्रिप्स यांनी नंतर कळवले की, पूर्वजांबद्दलच्या काही गोष्टी लिंकननी आपल्याला सांगितल्या होत्या, पण त्या छापायच्या नाहीत अशी त्यांची इच्छा होती. त्या गोष्टी स्क्रिप्सनी कधीच उघड केल्या नाहीत. हर्न्डननी उघड केल्या. १८५० च्या सुमारास दोघे भागीदार बग्गीतून शेजारच्या काउंटीच्या कोर्टाकडे चालले होते. दाव्यात आनुवंशिक गुणांचा मुद्दा निघणार होता. त्या ओघात लिंकन म्हणाले की, आपली आई ही लूसी हँक्स आणि व्हर्जिनियातला एक चांगल्या घरचा जमीनदार यांची विवाहबाह्य संतती होती. जमीनदाराचे नाव सांगितले नाही. १८८९ मध्ये हर्न्डनच्या चरित्रातून हे बाहेर आले आणि गदारोळ उडाला.

त्याआधीच दुसरे एक प्रकरण गाजून गेले होते. थॉमस आणि नॅन्सीचे लग्नच झाले नव्हते, अशी कुजबुज लिंकन यांच्या विरोधकांनी पिकवली होती. हार्डिन काउंटीच्या दप्तरात खरोखरच नोंद नव्हती. तिथले जुने कारकून सॅम्युअल हेक्राफ्ट यांना थॉमसच्या दुसऱ्या लग्नाची, सेरा जॉन्स्टनबरोबरच्या, नोंद तेवढी मिळाली आणि तीच लिंकन यांची आई असे ते धरून बसले. मे १८६० मध्ये खुद्द लिंकनना पत्र लिहून त्यांची चूक दुरुस्त करावी लागली. नोंद मिळत नव्हती, कारण ती भलत्याच काउंटीत होती. १८७८ मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीतल्या गठ्ठ्यांतून लग्नाचे जामीनपत्र निघाले. तारीख १० जून १८०६. रक्कम पन्नास पौंड. हे पैसे भरायचे नसत. लग्नाला कायद्याची काही आडकाठी निघालीच, तर जामिनावर एवढा बोजा पडे. खाली थॉमस लिंकनची सही आणि रिचर्ड बेरीची, वधूचा पालक म्हणून. मेथडिस्ट धर्मोपदेशक जेसी हेड याने लावलेल्या लग्नांच्या यादीत १२ जूनला हे जोडपे आहे. पहिली मुलगी सेरा फेब्रुवारी १८०७ ची, अब्राहम १८०९ चा. तरीही ‘खरा बाप’ म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या अब्राहम एन्लोसारख्या लोकांची नावे पुढे येतच राहिली. विल्यम बार्टन या धर्मोपदेशकाने १९२० मध्ये असले सगळे दावे एकेक करून तपासले आणि निकालात काढले.

पण वधूच्या जामीनपत्रावर बापाऐवजी पालकाची सही का? इथून पुढे अभ्यासकांत खरी मारामारी सुरू होते. कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी १८९९ मध्ये जोसेफ हँक्स नावाच्या शेतकऱ्याचे १७९३ चे मृत्युपत्र पुढे केले. त्याने मुलांना घोडे आणि मुलींना एकेक कालवड दिली आहे. नॅन्सी नावाच्या मुलीच्या वाट्याला आलेल्या कालवडीचे नावसुद्धा त्यात आहे. हिचकॉकबाईंनी जाहीर करून टाकले की हीच लिंकन यांची आई, सरळ विवाहित आईबापांची मुलगी. लोकांना हायसे वाटले. पण बार्टननी दाखवले की कालवडवाली नॅन्सी वेगळीच. ती लिंकन यांच्या आईची मावशी होती. एकाच घरात दोन नॅन्सी. बायकांची आडनावे लग्नागणिक बदलतात आणि त्यांच्या नावावर सातबारा नसतो, तेव्हा मावशी आणि भाची कागदावर सहज एक होऊन जातात.

बार्टनना मर्सर काउंटीच्या कोर्टाच्या कागदांत लूसी स्वतः सापडली. नोव्हेंबर १७८९ मध्ये ग्रँड ज्युरीने तिच्यावर व्यभिचाराचा ठपका ठेवला होता. पाच महिन्यांनी, २६ एप्रिल १७९० रोजी, तिने कारकुनाला एक चिठ्ठी दिली: आपण सज्ञान आहोत आणि हेन्री स्पॅरोला लग्नाचा परवाना द्यायला आपली संमती आहे. चिठ्ठी तिच्याच हातची, अशुद्ध पण ठाम. मायलेकींत सही करणारी आईच. नॅन्सी पुढे दस्तावर फुली करत असे. लूसीने १७९१ मध्ये स्पॅरोशी लग्न केले, आठ मुले झाली, त्यातले दोन मुलगे धर्मोपदेशक झाले. ज्युरीच्या ठपक्याने कोर्टात आलेल्या या बाईने चारचौघांसारखा संसार थाटला. पण वॉरन यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते लूसी ही हँक्स घराण्याची मुलगीच नव्हे. ती शिप्ली घराण्यातली, जेम्स हँक्सची विधवा, आणि नॅन्सी तिची औरस मुलगी. दोघेही अभ्यासक, दोघेही धर्मोपदेशक, आणि एकाच पेटीतल्या कागदांतून दोघांनी दोन आज्या काढल्या.

जनगणनेचा तरी उपयोग व्हायला हवा होता. पण १७९० पासून १८४० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकी घर म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. सगळ्या मुक्त माणसांची नावे पहिल्यांदा आली १८५० मध्ये. गुलामांची तेव्हाही नाहीत. त्यांच्या वेगळ्या यादीत मालकाचे नाव आणि खाली वय, लिंग, रंग. आज कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबे मागे शोधत जातात ती बहुतेक १८७० च्या जनगणनेवर येऊन आदळतात, कारण बहुसंख्यांची नावे प्रथम तिथे येतात. रॉकिंगहॅमच्या लिंकनांची कुळी इंग्लंडपर्यंत गेली. त्यांच्या शेतात राबणाऱ्यांची बहुतेक १८७० च्या पलीकडे जात नाही. नाव आले म्हणून सगळे खरेच असते असेही नाही. १८६० मध्ये स्प्रिंगफील्डला आलेल्या गणनाकाराने मेरी लिंकन यांचे वय ३५ लिहिले. त्या होत्या ४१ वर्षांच्या. दहा वर्षांपूर्वीच्या गणनेत ३१ च्या २८ झाल्या होत्या. हिशेबाने पाहिले तर दहा वर्षांत बाईंचे वय सातनेच वाढले.

लूसीच्या वादात शेवटी कागदाच्या बाहेरून साक्ष आली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. मुलगे तो पुढे देत नाहीत, मुलीच देतात. ज्यांचे आडनाव पिढीगणिक पुसले जाते त्या बायकांची ही साखळी शरीरात मात्र अखंड राहते. अडचण अशी की नॅन्सीची स्वतःची साखळी संपली आहे. तिची एकुलती एक मुलगी सेरा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, मूलही गेले. म्हणून संशोधकांनी एक पिढी मागे जाऊन हँक्स बहिणींच्या, मुलीकडून मुलीकडे उतरत आलेल्या वंशजांचे नमुने घेतले, आणि शिप्ली बाजूचेही. २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. हँक्स बायकांत X१सी नावाची क्वचित आढळणारी जनुकीय शाखा आहे, शिप्ली बायकांत ती नाही. कागद आणि रक्त एकत्र ठेवून त्यांनी सांगितले की, लूसी ही जोसेफ आणि अॅन ली हँक्स यांचीच मुलगी आणि नॅन्सी तिची. वॉरन चुकले. बार्टन आणि बग्गीतले लिंकन बरोबर निघाले.

तो व्हर्जिनियातला जमीनदार मात्र अजून सापडलेला नाही. मायटोकॉन्ड्रियाला बापाबद्दल काही माहीत नसते, आणि मुलीत बापाचे वाय गुणसूत्र उतरतच नाही. थेट वंशजांकडेही जाता येत नाही. लिंकन यांच्या चार मुलांपैकी फक्त रॉबर्टचा वंश पुढे चालला आणि रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ हा पणतू २४ डिसेंबर १९८५ रोजी वारला, तेव्हा तोही संपला. उरले आहेत ते खुद्द लिंकन यांचे केस आणि कवटीचे बारीक तुकडे, गोळी लागल्यानंतर डॉक्टरांनी जपून ठेवलेले, आता वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी वैद्यकीय संग्रहालयात. १९९१ मध्ये, लिंकन यांना मारफान सिंड्रोम हा आनुवंशिक विकार होता का हे तपासण्यासाठी या अवशेषांचा डीएनए काढावा का, यावर व्हिक्टर मॅक्युसिक यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तत्त्वतः हरकत नाही, पण तंत्र अजून पुरेसे पक्के नाही, तुकडे थोडे आहेत, थांबावे, असे शेवटी ठरले. आज तंत्र खूप पुढे गेले आहे. उद्या कोणी परवानगी दिली आणि तुकड्यांतून आईकडच्या आजोबांचा अंश वेगळा काढता आलाच, तरी तो ताडून पाहायला व्हर्जिनियातले एखादे जमीनदार घराणे पुढे यावे लागेल. १८८९ पासून नावे बरीच सुचवली गेली आहेत. पुराव्याचा कागद त्यातल्या एकाच्याही बाजूने नाही.